‘काय उकडतंय!’ आणि वाणीचा धर्म

चैत्र लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सकाळच्या वेळी जिन्यात, गच्चीवर, सोसायटीच्या फाटकाशी एक ठरावीक बोलणे ऐकू येते. ‘काय उकडतंय!’ ‘रात्रभर पंख्याखाली नुसती गरम हवा.’ ‘यंदा मोहर बरा होता, पण कैऱ्या गळायला लागल्यात.’ ‘तुमच्याकडे पाणी आलं का?’ यातल्या बहुतेक वाक्यांतून कोणाला काही नवे कळत नाही. ज्याला उकाड्याची बातमी सांगायची तोही त्याच जिन्यात, तितकाच घामाघूम होऊन उभा असतो. तरी बोलणारा बोलतो, ऐकणारा ‘हो ना’ म्हणतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात.

धर्मविचाराच्या दृष्टीने हे बोलणे अडचणीचे आहे. वाणी नामस्मरणासाठी, सत्यकथनासाठी, उपदेशासाठी आहे, असे भारतातल्या बहुतेक परंपरा सांगतात. खोटे बोलू नये, टोचून बोलू नये, चहाडी करू नये, हेही सांगतात. पण जे खोटे नाही, कडू नाही, चहाडीही नाही आणि तरीही काही सांगत नाही, त्याचे काय करायचे? तो वेळेचा अपव्यय मानायचा, निरुपद्रवी खोड म्हणून सोडून द्यायचा, की त्याला धर्मात काही जागा आहे?

आधी ज्या ऋतूबद्दल हे बोलणे चालते तो ऋतू. पंचांगात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात मात्र वसंत नाहीच. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पूर्वमोसमी काळ, मग मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तरमोसमी काळ, असे तिथे वर्षाचे चार भाग पडतात. घोडबंदर रस्त्यावर दुपारी रिक्षाची वाट पाहणाऱ्याला विभागाचे म्हणणे अधिक पटेल. झाडे मात्र पंचांगाच्या बाजूने आहेत. येऊरच्या डोंगरात काटेसावर, पांगारा आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळालेल्या फांद्यांवर फुलतात, कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, पिंपळ तांबूस होतो, रस्त्याकडेचा करंज आठवडाभरात पोपटी दिसू लागतो. कोकीळ उजाडायच्या आधीच सुरू होतो. त्या आवाजाची कवींना वाटते तितकी अपूर्वाई रात्रपाळी करून आलेल्या माणसाला नसते, आणि कोकिळाबद्दलची तक्रार हाही चैत्रातल्या गप्पांचा एक विषय असतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात ऋतूंमधला वसंत ही भगवंताची विभूती म्हटली आहे. त्या आधाराने वसंताबद्दलचे प्रत्येक बोलणे हे विभूतीचे स्मरण ठरवता येईल, पण ती ओढाताण होईल. ‘काय उकडतंय’ म्हणणाऱ्याच्या मनात विभूती नसते, घामोळे असते. प्रश्न सोडवायचा तर हे मान्य करूनच सोडवावा लागेल.

अंगणातल्या कामाचे बोलणेही याच महिन्यांत वाढते. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात किंवा ठाण्याच्या नौपाड्यातल्या उरल्यासुरल्या बंगल्यांभोवती अजून माती आहे. इतरत्र गॅलरीतल्या कुंड्या आणि गच्चीवरचे प्लास्टिकचे ड्रम. आळी मोकळी करणे, शेणखत घालणे, मोगऱ्याला दोन वेळा पाणी, जास्वंदीवर आलेला पांढरा मावा, म्हणजे पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्याने धुऊन काढणे, ही कामे. ‘एक फांदी द्या ना’ असे म्हटले की फांदी मिळते, आणि मनीप्लांट मात्र मागून नव्हे, चोरूनच लावावा असे सांगणारेही भेटतात. पालापाचोळ्यावरून वाद होतात. तो जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, फांद्या छाटायच्या तर १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, आणि तोवर वरच्या मजल्यावरच्या कुंडीचे पाणी खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतच असते. याच जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी त्याच दिवसांत पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतो. एकाची डोकेदुखी ते दुसऱ्याचे खत.

शास्त्रे या बोलण्याकडे कसे पाहतात हे बघायला गेले तर पहिला सूर नकाराचाच लागतो. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात भिक्खूने टाळायच्या बोलण्याची एक लांबलचक यादी आहे. तिला ‘तिरच्छान कथा’ म्हणतात. राजे, चोर, सैन्य, खाणेपिणे, कपडे, नातलग, गावे आणि शहरे हे विषय त्यात आहेतच, शिवाय रस्त्यावरच्या गप्पा आणि पाणवठ्यावरच्या गप्पा अशा दोन वेगळ्या नोंदीही आहेत. पाणवठ्याच्या जागी नळ घातला तर डोंबिवलीची कोणतीही चाळ त्या यादीत बसेल. जैन परंपरेत साधूला चार विकथा वर्ज्य आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. भक्तकथा म्हणजे अन्नाविषयीचे बोलणे. तेव्हा आंब्याच्या डाळीत मिरची किती घालावी हा प्रश्नही साधूपुरता बाद. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर माणसांना प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल असे म्हटले आहे. समर्थांच्या दासबोधातल्या मूर्खलक्षणांत दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा आणि डोके खाजवणारा तिसरा आढळतो. त्याला ओळखायला फार लांब जावे लागत नाही, तो प्रत्येक मजल्यावर असतो.

पण हे निषेध कोणासाठी आहेत? बौद्ध आणि जैन याद्या घर सोडलेल्या माणसासाठी आहेत. ज्याने संसाराशी देणे-घेणे संपवले त्याने संसाराच्या गप्पा का माराव्यात, असा साधा हिशेब त्यामागे आहे. बडबड टाळण्याचा उपदेश बौद्ध विचारात गृहस्थालाही आहे, हे खरे. मात्र बुद्धविहारात रोज म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलांत वाणीबद्दलचे शील असत्य टाळण्याचे आहे, निरर्थक बोलणे टाळण्याचे नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पाली सुत्तांमध्ये कोणी बुद्धाला भेटायला आला की मुद्द्याच्या चर्चेआधी एक साचेबंद वाक्य येते: दोघांनी कुशलक्षेमाचे, आनंद वाटेल असे बोलणे केले आणि मग पाहुणा एका बाजूला बसला. या बोलण्याला ‘सम्मोदनीय कथा’ असे नाव आहे. दुरून आलेल्या भिक्खूला बुद्ध विचारतो की सारे सोसवते आहे ना, भागते आहे ना, भिक्षेची अडचण पडली नाही ना. त्याचे उत्तरही ठरलेले असते. म्हणजे ज्या वाङ्मयात पाणवठ्यावरच्या गप्पांना बंदी आहे, त्याच वाङ्मयात ‘काय, कसं चाललंय?’ हे उंबरठ्यासारखे प्रत्येक संवादाच्या तोंडाशी आहे. तिथून गेल्याखेरीज धर्मचर्चेत पाऊल पडत नाही. कल्याणच्या माणसाला हे वाङ्मय परके नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, आणि ती लेणी येऊरच्या डोंगराच्याच पलीकडच्या अंगाला आहेत.

गीतेचा सतरावा अध्याय गृहस्थालाही लागू पडेल अशी कसोटी देतो. वाङ्मय तप कोणते, तर जे बोलणे ऐकणाऱ्याला उद्विग्न करत नाही, खरे असते, प्रिय असते आणि हिताचे असते. त्याच्या जोडीला स्वाध्याय. या यादीत जे नाही तेही पाहण्यासारखे आहे. बोलणे नवे असले पाहिजे, खोल असले पाहिजे किंवा त्यातून ज्ञान मिळाले पाहिजे, अशी अट नाही. ‘उकडतंय’ हे उद्वेग देत नाही, खरे असते आणि बऱ्यापैकी प्रियही असते. गाडी अडते ती हिताशी. शेजाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात त्याचे हित कोणते?

इथे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची मदत घेता येते, जरी त्यांनी हा प्रश्न कधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांसाठी विचारला नव्हता. जैमिनीच्या सूत्रांत पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाची सुरुवात एका आक्षेपाने होते: वेद कृती सांगण्यासाठी आहे, तर ज्या वाक्यांतून काहीच करायला सांगितले जात नाही ती निरर्थक का मानू नयेत? अशा वाक्यांना अर्थवाद म्हणतात. त्यांचा एक प्रकार आहे अनुवाद. दुसऱ्या मार्गाने आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे अनुवाद, आणि त्याचे पाठशाळेतले नेहमीचे उदाहरण हवामानाचेच आहे: अग्नी हा थंडीवरचा उपाय होय. हे कळायला वेदाची गरज नाही, शेकोटीशी बसलेल्या कोणालाही ते कळते. मीमांसेचे उत्तर असे की हे वाक्य एकटे घेतले तर त्याचे प्रयोजन सापडणार नाही. ते ज्या विधीच्या, म्हणजे कृती सांगणाऱ्या वाक्याच्या, शेजारी आले आहे त्या विधीशी त्याची एकवाक्यता लावावी. मग दोन्ही मिळून एकच वाक्य होते आणि माहितीत भर न घालणारा भागही त्या कृतीकडे मन वळवण्याचे काम करतो.

हाच न्याय जिन्यातल्या बोलण्याला लावला तर त्याचा अर्थ लागतो. ‘काय उकडतंय’ हा शुद्ध अनुवाद आहे. त्याच्या मागचा विधी उच्चारला जात नाही, कारण तो उच्चारणे अवघडल्यासारखे होईल. कोणीही शेजाऱ्याला सकाळी सकाळी ‘रात्री-अपरात्री गरज पडली तर माझं दार वाजवा’ असे सांगत नाही. सांगितले तर ऐकणारा घाबरेल. तो उकाड्याबद्दल बोलतो, आणि पुढे दोन वर्षांनी रात्री दोनला दार वाजते तेव्हा ते का वाजले याचे दोघांनाही आश्चर्य वाटत नाही. हित आहे ते त्या न उच्चारलेल्या अर्ध्या वाक्यात. म्हणून शब्दांच्या मजकुरावरून या गप्पांचे मोल ठरवणे म्हणजे अर्थवाद विधीपासून तोडून वाचणे होय. जैमिनीच्या सूत्रांतल्या त्या आक्षेपाची चूक तीच होती.

पश्चिमेकडच्या मानववंशशास्त्रात ही गोष्ट मालिनोव्स्कीने १९२३ साली मांडली. त्याच्या मते हवापाण्याचे, कुशलाचे बोलणे विचार पोहोचवत नाही, केवळ माणसांना जोडून ठेवते. नोंद म्हणून ती महत्त्वाची आहे, पण इथल्या अनुभवाला थोडी तोकडी पडते. ठाण्यात ‘पाणी आलं का?’ हा प्रश्न निव्वळ जोडण्यासाठी नसतो. उद्या शटडाऊन आहे, ड्रम भरून ठेवा, ही अत्यंत गरजेची माहिती त्याच वाक्याला लागून येते. जोडणे आणि सांगणे यांची वाटणी मालिनोव्स्कीला दिसली तितकी स्वच्छ नसते. मीमांसेची एकवाक्यता इथे अधिक कामाची ठरते, कारण तिला दोन्ही एकाच वाक्यात ठेवता येतात.

मराठी परंपरेने तर या रोजच्या बोलण्याला आणि कामाला धर्माच्या बाहेर ठेवलेच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी १२९५ मध्ये समाधिस्थ झाले असे परंपरा मानते. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून वारीला गेले नाहीत असे सांगतात, आणि आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही. विठ्ठलाची पालखी अरणला येते. नामदेवांच्या घरच्या जनाबाईच्या अभंगांत देव तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेणी गोळा करतो. तो तिच्याशी ब्रह्मज्ञान बोलत बसत नाही, हाताला हात लावतो. सडा-सारवण आणि खुरपणी ही पूजेच्या आधीची तयारी राहत नाही, तीच पूजा होते. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालताना खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणाऱ्या बाईला आपण पूजा थांबवून बोललो असे वाटत नाही, त्यामागे हा सगळा वारसा आहे.

याहून बोलके उदाहरण लीळाचरित्राचे. सुमारे १२७८ मध्ये म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यातून मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. महानुभावांचा आचार कडक विरक्तीचा: एकट्याने फिरावे, भिक्षेवर राहावे, आप्तांच्या गुंत्यात पडू नये. आणि त्याच पंथाने जपून ठेवले काय, तर स्वामी कोणत्या गावी कोणाच्या ओसरीवर उतरले, काय जेवले, कोणी काय विचारले, स्वामींनी त्यावर काय म्हटले. तत्त्वज्ञानाची सूत्रे नंतर याच आठवणींतून वेगळी काढली गेली. मराठी गद्याचा जन्म धर्मग्रंथ म्हणून झाला आणि तो बराचसा येण्या-जाण्याच्या, खाण्यापिण्याच्या बोलण्याने भरलेला आहे. तिरच्छान कथेची यादी करणाऱ्या माणसाने ते पुस्तक उघडले असते तर पहिल्या काही पानांतच त्याची पंचाईत झाली असती.

या गप्पांना विधीची उघड चौकट मिळते ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात. चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातली अन्नपूर्णा पितळी पाळण्यात बसते आणि महिनाभर तिथेच राहते. दाराशी चैत्रांगण काढतात: पाळण्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, तुळस, गाईची पावले, हत्ती, कासव. नावात अंगण आहे, पण ते आता दोन फ्लॅटच्या दारांमधल्या फरशीवर, चपलांचा स्टँड सरकवून केलेल्या दोन फूट जागेत मावते. या महिन्यात एका संध्याकाळी शेजारणींना बोलावतात. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाचे कमळ. प्रत्यक्ष विधी म्हणजे हळद, कुंकू, अत्तर, ओटी. त्याला दोन मिनिटे लागतात. पुढची वीस मिनिटे बोलण्यात जातात, आणि ते बोलणे ठरलेले असते: यंदा कैरी महाग आहे, डाळ बरीक आंबट झाली, मुलांच्या परीक्षा, वाळवणे कुठवर आली, उकाडा. यजमानीण ‘बसा हो जरा’ म्हणते ते याच वीस मिनिटांसाठी. ही वीस मिनिटे विधीत धरायची की विधीबाहेर, असे कोणाला विचारले तर उत्तर बाहेर असेच येईल. पण ओटी घेऊन न बोलता लगेच निघून गेलेल्या बाईबद्दल नंतर जे म्हटले जाते त्यावरून खरे उत्तर कळते.

ज्या जागांनी हे बोलणे घडवले त्या मात्र बदलल्या. कल्याणच्या जुन्या गावात, नावातच पार असलेल्या पारनाक्याच्या आसपास, वाडे होते. ओटा, पडवी आणि सामाईक विहीर यांमुळे बोलण्यासाठी वेगळे ठरवावे लागत नव्हते. डोंबिवली चाळींनी वाढली, आणि चाळीची सामाईक गॅलरी हेच तिचे अंगण होते. नंतर इमारती आल्या आणि दारे बंद झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर होती. एवढ्या माणसांचा मोठा भाग सकाळी लोकल गाठतो आणि अंधार पडल्यावर परततो, म्हणजे दिवसा अंगण असते तरी त्यात उभे राहायला कोणी नसते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा तिने शेजारही हलवायला घेतला असे म्हणायला हरकत नाही. आज अनेकांचा खरा शेजारी समोरच्या दारातला नसून समोरच्या बाकावरचा असतो. तिथेही धर्म आणि गप्पा एकाच डब्यात चालतात. टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी असतात, दसऱ्याला डबा सजवून पूजा होते, महिलांच्या डब्यात हळदीकुंकू होते, आणि भजनाच्या दोन अभंगांमध्ये ‘आज फारच उकडतंय, पंखा चालू आहे का बघा’ हेही येते.

बंद दारे ओलांडण्याचा एक जाणीवपूर्वक प्रयत्न डोंबिवलीतच झाला. १९९९ मध्ये तिथल्या श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पुढे तिचे अनुकरण ठाण्यासह गावोगावी झाले. ढोल, लेझीम, चित्ररथ हे तिचे दिसणारे रूप. यात्रा पुढे सरकल्यानंतर फडके रोडच्या कडेला तासन्‌तास उभे राहून चाललेले बोलणे हे कमी दिसणारे, आणि कदाचित अधिक टिकणारे.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशभरातल्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. यात्रा रद्द झाल्या, लोकल बंद, मंदिरे बंद. गुढ्या खिडक्यांत आणि गॅलऱ्यांत उभ्या राहिल्या आणि एरवी कडुलिंबाचा पाला शेजारून मागणारी माणसे पाल्याविना पूजा करून मोकळी झाली. त्या दिवसांत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून बोलणे सुरू झाले. वर्षानुवर्षे एकमेकांचे आडनावसुद्धा माहीत नसलेले लोक कोकीळ किती ओरडतो आहे यावर बोलू लागले, कारण गाड्या थांबल्याने तो प्रथमच नीट ऐकू येत होता. औषध कोणी आणायचे, दूध कोणाकडे ठेवायचे, हे त्यानंतर ठरले. आधी कोकीळ, मग दूध. उलट क्रमाने सुरुवात करणे फार कमी लोकांना जमले असते.

याचा अर्थ शेजारचे सगळेच बोलणे धर्म्य आहे असा होत नाही. हवामानावरून सुरू झालेले बोलणे तिसऱ्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेवर येते, हे काही गुपित नाही. ज्यू परंपरेत अनुपस्थित माणसाबद्दल वाईट बोलण्याला ‘लाशोन हारा’, म्हणजे दुष्ट जीभ, म्हणतात, आणि ते खरे असले तरी दोषच मानतात. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग असलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेतला हा विचार उखाळ्यापाखाळ्यांना नेमका लागू पडतो. कारण खरेपणाची पळवाट तो बंद करतो. गीतेच्या कसोटीतही खरे असणे पुरेसे नाही. हवामानाची गंमत अशी की त्यात अनुपस्थित कोणी नसतो. ऊन सगळ्यांवर पडलेले असते. ते सोडून बोलणे माणसांवर आले की शास्त्रांचे निषेध आपोआप लागू होतात.

दुसरा दोष अधिक जुना आणि अधिक अवघड आहे. अंगणाला कुंपण असते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू सवाष्णींचे. विधवेला त्या वीस मिनिटांतून वगळण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि काही घरांत अजून चालतो. पन्हे तिला नंतर ‘देवाचं’ म्हणून डब्यातून पाठवले जाई, म्हणजे प्रसाद पोचे आणि बोलणे पोचत नसे. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणीच भरू दिले नाही त्यांना पाणवठ्यावरच्या गप्पा करू नयेत असा उपदेश करण्याची वेळच आली नाही. इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्काबद्दल एक प्रसिद्ध हदीस आहे: जिब्रील शेजाऱ्याविषयी इतक्यांदा बजावत राहिले की पैगंबरांना वाटले, आता त्याला वारसाहक्कही मिळणार. शेजारी कोण, ही मर्यादा तिथे धर्माने किंवा नात्याने आखलेली नाही. मुंब्रा आणि कल्याण यांच्यामध्ये एकाच गाडीने जाणाऱ्या माणसांना घर भाड्याने घेताना काय विचारले जाते हे लक्षात घेतले, तर त्या हदीसचे वजन कळते.

आजच्या सोसायटीत कुंपण कोठे आहे हे पाहायला बाग पुरेशी आहे. सावता माळ्यांचे अभंग हौसेने म्हणणाऱ्यांच्या बागेत खुरपे दुसऱ्याच्याच हातात असते. माळी सकाळी येतो, आळी करतो, पाइप ओढत नेतो, वाळलेली पाने गोणीत भरतो. बाकावर बसलेली ज्येष्ठ मंडळी त्याच वेळी मोगऱ्याबद्दल आणि उकाड्याबद्दल एकमेकांशी बोलत असतात. माळ्याशी बोलणे होते ते आज्ञार्थी: ‘इकडे पाणी कमी पडलंय’, ‘ती फांदी काढ’. मीमांसेच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या वाट्याला नुसते विधी येतात, अनुवाद एकही येत नाही. ‘काय उकडतंय’ त्याला कोणी म्हणत नाही, आणि उन्हात उभा तो एकटाच असतो. फाटकावरच्या वॉचमनचे आणि जिना झाडणाऱ्या बाईंचेही तेच. ज्या समाजाने सावता माळ्यांना संत मानले त्याच्या धर्मात ही उणीव किरकोळ धरता येणार नाही.

ती भरून काढायला मात्र खर्च येत नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी पन्हे बहुधा उरतेच. तांब्याभर पन्हे आणि दोन पेले घेऊन खाली जावे, माळ्याबरोबर सावलीत पाच मिनिटे उभे राहावे आणि त्याच्या गावाकडे यंदा आंबा कसा आहे ते विचारावे. गौर अक्षय तृतीयेपर्यंत पाळण्यात असते. तोवर वेळ आहे.